वरणाची वाटी आणि प्रथिनांचा हिशेब

आहाराविषयी बोलणं निघालं की एक प्रश्न हमखास येतो: सगळ्यात जास्त प्रथिनं कुठल्या डाळीत? व्यायामशाळेत जाणाऱ्या मुलाला ते हवं असतं, नुकताच मधुमेह निघालेल्या वडिलांना हवं असतं, बाळंतपणाला आलेल्या मुलीच्या आईलाही हवं असतं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली भारतीय अन्नघटकांचे तक्ते प्रसिद्ध केले. त्यांनुसार शंभर ग्रॅम कच्च्या मसूरडाळीत सुमारे २४ ग्रॅम प्रथिनं असतात, मुगाच्या डाळीत जवळपास तेवढीच. उडदाची डाळ २३वर, तूरडाळ, हरभराडाळ आणि कुळीथ २१-२२वर. चवळी, मटकी, वाल, राजमा, सुका वाटाणा हे सगळे विशीच्या आसपास, आणि अख्खा देशी हरभरा जाड सालामुळे १९च्या घरात.

म्हणजे सोयाबीन बाजूला ठेवलं, तर या यादीतल्या पहिल्या आणि शेवटच्या नंबरात शंभर ग्रॅमांमागे फरक फक्त पाचएक ग्रॅमांचा. माणशी तीस ग्रॅम डाळ शिजवली, तर ताटात तो दीड ग्रॅमाच्या आसपास भरतो. त्यासाठी तूर सोडून मूग धरावा किंवा मूग सोडून मसूर धरावी, असं त्यात काही नाही. प्रथिनांपुरतं बोलायचं, तर आपल्या घरात डाळ कुठली शिजते याहून किती शिजते हे फार महत्त्वाचं आहे. आणि बहुतेक घरांत ती कमी शिजते.

एक हिशेब घरी करून पाहा. मध्यम वाटीभर कच्ची डाळ साधारण सव्वाशे ग्रॅम भरते. तुमच्या वाटीत किती मावते ते एकदा काट्यावर मोजून ठेवा, पुढे कायम उपयोगी पडेल. चौघांच्या घरात सकाळी अर्धी वाटी तूरडाळ कुकरला लावली, तर ती साठेक ग्रॅम. माणशी पंधरा ग्रॅम. त्यात पाणी घालून फोडणी दिली की भांडंभर आमटी होते, सगळ्यांना दोन-दोन वाढपं मिळतात, आणि प्रत्येकाच्या पोटात जाणारी डाळीची प्रथिनं असतात तीन-सव्वातीन ग्रॅम. जेवणारा मात्र समाधानाने सांगतो, मी रोज वरण खातो. तो खरंच खातो. पण पाण्यात प्रथिनं नसतात.

आता गरज किती? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२०च्या शिफारशीप्रमाणे निरोगी प्रौढाला शरीराच्या दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. साठ किलोच्या माणसाला पन्नास ग्रॅम. वाढत्या वयाची मुलं, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया यांची गरज त्याहून जास्त. २०२४च्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनांत दोन हजार कॅलरींचं जे शाकाहारी ताट सुचवलं आहे, त्यात दिवसभरात अडीचशे ग्रॅम धान्य, ८५ ग्रॅम डाळी-कडधान्यं आणि तीनशे मिलिलीटर दूध आहे. शिवाय भाज्या, फळं, दाणे-तीळ आणि तेल. हे आपल्या जेवणात बसवून बघू. अडीचशे ग्रॅम ज्वारी किंवा गव्हातून जवळजवळ पंचवीस ग्रॅम प्रथिनं मिळतात (नुसता भात असेल तर विसाच्या आसपास). ८५ ग्रॅम कडधान्यांतून अठराएक, दूध-दही-ताकातून नऊ-दहा. पन्नास पुरे झाले, आणि प्रथिनांच्या भुकटीचा कुठलाही डबा विकत आणावा लागला नाही.

यातली पोळी-भाकरी आपण खातोच. दूधही थोडंफार असतं. कमी पडतात ते ८५ ग्रॅम. पंधरा ग्रॅमांची आमटी दोन्ही वेळा खाल्ली तरी तीसच होतात. म्हणून माझा पहिला आग्रह असा की एका जेवणाला घट्ट वरण किंवा दाटसर आमटी असावी, माणशी तीस-पस्तीस ग्रॅम डाळीची, आणि दुसऱ्या जेवणाला उसळ, पिठलं, झुणका, डाळभाजी यांपैकी काहीतरी. उरलेला भाग न्याहारीत आपोआप भरतो: मुगाची धिरडी, थालीपीठ, इडली-डोसा, मूठभर फुटाणे. तीस ग्रॅम फुटाण्यांतूनच सहाएक ग्रॅम प्रथिनं मिळतात, आणि ते खिशात घालून कुठेही नेता येतात. जे अंडी, मासे, मटण खातात त्यांना डाळीचा हा आकडा कमी चालेल, कारण त्या दिवशी तेवढा वाटा तिथून भरून निघतो.

महिन्याच्या वाणसामानाच्या यादीवरूनही हे तपासता येतं. चार मोठ्या माणसांच्या शाकाहारी घरात सगळ्या डाळी, कडधान्यं आणि बेसन मिळून महिन्याला दहाएक किलो संपायला हवं. मुलं लहान असतील तर सात-आठ. तुमच्या यादीत दोन किलो तूरडाळ आणि अर्धा-अर्धा किलो मूग-मटकी असेल, तर कुठल्या डाळीत काय याचा विचार नंतर करा, आधी यादी वाढवा.

बाळांच्या बाबतीत हे अधिक कळकळीने सांगावंसं वाटतं. सहा महिन्यांच्या बाळाला वरचं अन्न सुरू करताना अजूनही कित्येक घरांत 'डाळीचं पाणी' किंवा 'वरणाचं पाणी' दिलं जातं. शिजलेल्या डाळीवरचं ते निवळ म्हणजे पाणी, थोडं मीठ-हळद आणि नावापुरती डाळ. बाळाचं पोट इवलंसं; ते पाण्याने भरलं की खरं अन्न मागे पडतं. बाळाला शिजलेली डाळच द्यायची, चमच्याने घोटून, मऊ भाताबरोबर, वर तूप घालून, आणि चमचा तिरका केला तरी लगेच ओघळणार नाही इतकी दाट. मुगाच्या डाळीपासून सुरुवात करावी, ती पचायला हलकी. घरातल्या म्हाताऱ्या माणसांचंही असंच होतं. दात गेले, जेवण कमी झालं, की त्यांच्या ताटात पातळ वरण-भात तेवढा उरतो आणि अंगातलं मांस झपाट्याने झडायला लागतं. त्यांना मऊ पिठलं, दाट मूगडाळीची खिचडी, कुळथाची पिठी, मऊसूत धिरडी सहज खाता येतात.

एवढं झाल्यावर मग कुठलं कडधान्य हा प्रश्न अर्थपूर्ण होतो, कारण प्रथिनांत सारखी असणारी ही मंडळी बाकीच्या गोष्टींत खूप वेगळी आहेत. लोहाचं पाहा. शंभर ग्रॅम तूरडाळीत आणि मूगडाळीत लोह चार मिलिग्रॅमच्या आसपास असतं. मसूरडाळीत सात. मटकीत आठाच्या जवळपास, कुळथात त्याहून थोडं जास्तच. भारतीय स्त्रीची रोजची गरज २९ मिलिग्रॅम धरलेली आहे आणि आपल्याकडे रक्तक्षय घराघरांत आहे. असं असताना बाराही महिने फक्त तुरीचं वरण करत राहणं मला पटत नाही. तूर चवीला उत्तम आहे, लातूरच्या डाळगिरण्यांपासून विदर्भातल्या शेतांपर्यंत तिच्यावर कित्येकांचं पोट आहे, ती सोडा असं कोणी म्हणणार नाही. पण आठवड्यातून दोन-तीन दिवस तिच्या जागी मसूर आली, तर प्रथिनं तेवढीच राहतात, त्या दिवशी डाळीतलं लोह पाऊणपट वाढतं आणि बहुतेक वेळा पैसेही वाचतात.

कुळथाविषयी थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण शहरांतल्या स्वयंपाकघरांतून तो निघूनच गेला आहे. कोकणात कुळथाची पिठी आणि भात हे साधं रोजचं जेवण. देशावर यालाच हुलगा म्हणतात आणि त्याच्या पिठाची शेंगोळी, माडगं करतात. हलक्या जमिनीत, कमी पावसात येणारं हे पीक. म्हणून त्याच्याकडे गरिबाचं, गुरांचं खाणं म्हणून पाहिलं गेलं. प्रत्यक्षात शंभर ग्रॅम कुळथात कॅल्शियम २७० मिलिग्रॅमच्या आसपास असतं. तूरडाळीत ते सत्तरच्या आसपास, मूगडाळीत पंचेचाळिसाच्या. नाचणीतही कॅल्शियम साडेतीनशेच्या पुढे असतं, म्हणजे नाचणीची भाकरी आणि कुळथाची पिठी हे कोकणातलं जुनं जेवण, दूध फारसं नसलेल्या घरांत हाडांचा मोठा आधार होतं. भाजलेल्या कुळथाचं पीठ कोरडं ठेवलं तर चांगलं टिकतं आणि पिठी दहा मिनिटांत होते. नोकरी करणाऱ्या माणसाला याहून सोयीचं काय असेल? कुळथाच्या काढ्याने मूतखडा जातो असं सर्रास सांगितलं जातं, त्या भरवशावर मात्र डॉक्टरांकडे जायचं टाळू नका.

सालाचा मुद्दाही इथेच येतो. डाळ भरडून साल काढलं की प्रथिनांचं प्रमाण किंचित वाढतं, पण तंतू आणि कॅल्शियम निघून जातं. अख्ख्या हरभऱ्यात शंभर ग्रॅमांमागे तंतू पंचवीस ग्रॅम, हरभऱ्याच्या डाळीत पंधरा. अख्ख्या मुगात सतरा, मूगडाळीत नऊ. हरभऱ्याचं कॅल्शियम दीडशेवरून पन्नासच्या खाली येतं. म्हणून डाळ आणि अख्खं कडधान्य दोन्ही हवं: एक वेळ वरण, एक वेळ उसळ. मधुमेह असलेल्यांना तर हरभरा फार मानवतो, कारण त्यातला पिष्टमय भाग सावकाश पचतो आणि रक्तातली साखर एकदम उसळत नाही. गरोदरपणात लागणारं फोलेट हरभरा, चवळी, राजमा यांत भरपूर असतं. गोळ्या बंद करायच्या नाहीत, पण ताटात ही कडधान्यं असावीत.

मग सोयाबीन? त्यात प्रथिनं ३५ ते ३८ ग्रॅम, म्हणजे बाकीच्यांच्या दीडपटीहून जास्त, आणि गुणवत्तेनेही सरस. महाराष्ट्रात लाखो हेक्टरांवर ते पिकतं आणि बहुतेक सगळं तेलाच्या गिरणीत जातं. घरात वापरायचं तर एक पथ्य पाळा. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांचं पचन रोखणारे घटक असतात, ते उष्णतेनेच निकामी होतात. सोयाबीन भिजवून वीसेक मिनिटं उकळावं, उन्हात खडखडीत वाळवावं, मग गव्हाबरोबर दळायला द्यावं. नऊ किलो गव्हाला एक किलो पुरे, पोळीची चवही बदलत नाही. शेंगदाण्यांत प्रथिनं २३-२४ ग्रॅम असली तरी त्याच शंभर ग्रॅमांत चाळीस ग्रॅम तेलही असतं. दाण्याची चटणी, कूट, लाडू जरूर खा, पण डाळीच्या बदल्यात नव्हे.

नुसता प्रथिनांचा आकडा पाहून निवड केली तर काय होतं, हे लाखेच्या डाळीवरून कळतं. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे भात निघाल्यावर उरलेल्या ओलीवर लाख पेरतात. विदर्भात तिला लाखोळीही म्हणतात आणि उत्तरेत खेसरी. तिच्यात प्रथिनं २८ ग्रॅमांच्या आसपास, सगळ्या डाळींच्या वर. पण तिच्यात मज्जातंतूंना इजा करणारा एक घटकही असतो. दुष्काळात, जेव्हा दुसरं काही पिकत नाही आणि महिनोन् महिने मुख्य अन्न म्हणून हीच डाळ पोटात जाते, तेव्हा माणसांचे पाय कायमचे लुळे पडल्याची उदाहरणं देशात घडली आहेत. १९६१पासून अनेक राज्यांत तिच्या विक्रीवर बंदी आली. पुढे त्या घटकाचं प्रमाण कमी असलेल्या जाती शास्त्रज्ञांनी काढल्या. तूरडाळीत आणि बेसनात तिची भेसळ होत आली आहे, तेव्हा सुटी, फार स्वस्त मिळणारी डाळ नीट पाहून घ्यावी; लाखेची डाळ तुरीसारखी गोलसर नसते, कडेने तिरपी, पाचरीसारखी दिसते.

डाळीला धान्याची सोबत लागते, याचं कारण प्रथिनांच्या घडणीत आहे. प्रथिनं अमिनो आम्लांची बनतात. डाळींत लायसिन भरपूर आणि मेथिओनिन कमी. ज्वारी, गहू, बाजरी, तांदूळ यांत नेमकं उलट. दोन्ही पोटात गेली की एकाची उणीव दुसरं भरून काढतं. धान्य तीन भाग, डाळ एक भाग हे प्रमाण चांगलं मानतात. खानदेशात ज्वारी आणि अख्खे उडीद एकत्र दळून कळण्याची भाकरी करतात, साधारण तीन-चार वाट्या ज्वारीला वाटीभर उडीद. प्रमाण अगदी जवळ येतं. थालिपिठाची भाजणी, मेतकूट, खिचडी, डाळ-तांदळाची धिरडी यांतही हीच जोडी आहे. ज्वारीत लायसिन विशेष कमी असतं, म्हणून भाकरी खाणाऱ्या घराला डाळ जास्तच हवी; भाकरी, मिरचीचा ठेचा आणि वर चहा एवढ्यावर दिवस काढणारी माणसं याच जागी कमी पडतात. तिळाची आणि कारळाची चटणी मेथिओनिनची बाजू सावरते. हे सगळं एकाच घासात जुळलं पाहिजे असं नाही, दिवसभरात मिळालं तरी मोठ्या माणसाचं शरीर ते जुळवून घेतं.

स्वयंपाकातल्या काही सवयींनी यातलं बरंच मिळतं किंवा हातचं जातं. कडधान्य रात्रभर भिजवून ते पाणी फेकून द्यावं. पोटात वायू धरणाऱ्या शर्करा त्या पाण्याबरोबर बऱ्याच निघून जातात, आणि लोह-जस्ताला अडवून धरणारं फायटिक आम्लही भिजवल्याने, मोड आणल्याने कमी होतं. मटकी-मुगाला मोड आले की क जीवनसत्त्व तयार होतं, पचनही सोपं होतं. मोडाने प्रथिनं दुपटीने वाढतात असं सांगतात ते खरं नाही. मोड आलेल्या वाटीभर मटकीत निम्म्याहून अधिक पाणी असतं, तेव्हा उसळ करताना कोरडी मटकी किती भिजवली तेच मोजा. पावसाळ्यात कच्चे मोड खाणं टाळावं, आणि लहान मुलांना, गरोदर स्त्रियांना तर ते नेहमीच वाफवून द्यावेत, कारण ओलसर उबेत जंतूही तितक्याच जोमाने वाढतात.

लवकर शिजावं म्हणून खाण्याचा सोडा घालू नका, त्याने ब१ जीवनसत्त्व नष्ट होतं. चिंच, आमसूल, टोमॅटो डाळ मऊ शिजल्यावरच घाला. आंबट आधी पडलं तर दाणा टणक राहतो. जुना साठा कितीही शिजवला तरी अख्खा राहतो, तो दळून भाजणीत वापरता येतो. राजम्याचं मात्र पथ्य वेगळं. कच्च्या आणि अर्धवट शिजलेल्या राजम्यात एक विषारी प्रथिन असतं, त्याने दोन-तीन तासांत उलट्या-जुलाब सुरू होतात. तो आठ तास भिजवून, पाणी बदलून, खळखळ उकळवावाच लागतो. कुकरमध्ये हे सहज होतं. परदेशात राहणारी आपली मुलं मंद आचेच्या विजेच्या भांड्यात राजमा थेट टाकून कामाला जातात, ते धोक्याचं आहे. त्या भांड्यात टाकण्याआधी तो वेगळा उकळून घ्यायला त्यांना आवर्जून सांगा.

डाळीतलं लोह शरीर सहजासहजी शोषत नाही. लिंबू पिळलं, कोशिंबिरीत कच्चा टोमॅटो किंवा कोबी असला, वर पेरू-आवळा खाल्ला, तर त्यातलं क जीवनसत्त्व शोषण वाढवतं. जेवणावर लगेच घेतलेला चहा ते कमी करतो. तासभर तरी थांबावं. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मात्र या लेखातले ग्रॅम धरून डाळ वाढवू नये. त्यांचं प्रथिनांचं आणि पोटॅशियमचं माप त्यांच्या डॉक्टरांनीच ठरवायचं असतं.

सुरुवात कुठून करावी असं विचाराल, तर यादीतल्या तुरीला हात न लावता मसूरडाळ, अख्खे मूग, मटकी, देशी हरभरा आणि कुळथाचं पीठ एवढ्यांची भर घाला. साताऱ्याकडचे असाल तर कोरेगावचा वाघ्या घेवडा, कोकणातले असाल तर कडवे वाल, गोव्याचे असाल तर अळसांदे यांत येतीलच. रोज रात्री झोपण्यापूर्वी एक कडधान्य भिजत घालायचं आणि कुठल्या वारी कुठलं, ते ओट्याजवळ लिहून लावायचं. सकाळच्या वरणाची डाळ वाटीने न घेता पहिला महिनाभर काट्यावर मोजून घ्या, माणशी पस्तीस ग्रॅम. पुढे हाताला अंदाज येतो.